जुन्या ट्रकला ट्रेलर जोडण्याआधी

चि. ओंकार यास,


ट्रकचे फोटो मिळाले. 1989 ची एफ-150, एका रांगेतल्या सहा सिलिंडरचं 4.9 लिटरचं इंजिन, आणि गंज फक्त मागच्या चाकांवरच्या पत्र्यापुरता. डेन्व्हरच्या कोरड्या हवेत गाड्या टिकतात. आमच्याकडे मिशिगनमध्ये हिवाळाभर रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे इतका जुना पत्रा असा बघायला मिळत नाही. ट्रेलरही बरा वाटतोय. दोन अ‍ॅक्सल, सामानासकट साडेचार हजार पौंड. ब्रेक कंट्रोलर घेतोयस, त्याला चारच तारा आहेत, तेव्हा शनिवारी सकाळी बसवून रविवारी डोंगरात निघू, असं लिहिलं आहेस. रविवारचा बेत पुढे ढकल.

चार तारा जोडायला शनिवारची सकाळ भरपूर झाली. पण त्या चार तारा ज्या तारांना जोडायच्या, त्या तुझ्या ट्रकमध्ये नेमक्या कुठल्या, याचं उत्तर कुठल्याही व्हिडिओत नाही. नव्या ट्रकमध्ये डॅशबोर्डखाली कंट्रोलरसाठी तयार प्लग लोंबत असतो, खट्‌कन बसवला की झालं. काहींमध्ये तर कंट्रोलर कारखान्यातूनच येतो. तुझ्या ट्रकला तसलं काही नाही, आणि मधल्या साडेतीन दशकांत तो किती मालकांनी वापरला देव जाणे. प्रत्येकाने काहीतरी कापलेलं असतं, काहीतरी जोडलेलं असतं. मी उमेदीची वर्षं गाड्यांच्या वायरिंगचे नकाशे काढण्यात घालवली, म्हणून सांगते: गाडी कारखान्यातून बाहेर पडली त्या दिवसापुरताच नकाशा खरा. त्यानंतर खरं काय ते टेस्ट लॅम्प सांगतो. तारेचा रंग बघून जोडायचं नाही, आधीच्या मालकाच्या शब्दावर जोडायचं नाही, आणि या पत्रावरसुद्धा नाही.

आधी ट्रेलरखाली वाकून बघ. त्याला इलेक्ट्रिक ब्रेक आहेत ना? प्रत्येक चाकाच्या ड्रममागे दोन बारीक तारा आत गेलेल्या दिसल्या पाहिजेत. बोटींच्या बऱ्याच ट्रेलरांना सर्ज ब्रेक असतात. गाडी मंदावली की ट्रेलर पुढे रेटतो आणि त्या रेट्यानेच पुढच्या दांड्यातला मास्टर सिलिंडर दाबला जातो. तिथे कंट्रोलर लागतच नाही. राहायच्या ट्रेलरला बहुतेक इलेक्ट्रिकच असतात, तरी डोळ्यांनी बघून घे.

त्या ड्रमच्या आत काय चालतं ते समजून घेतलंस तर पुढचं सगळं सोपं जाईल. ट्रेलरच्या ब्रेकला ऑइल नाही, नळी नाही. आत एक विद्युतचुंबक असतो, लाडवाएवढा गोल किंवा लांबट, एका तरफेच्या टोकाला बसवलेला. कंट्रोलरकडून येणाऱ्या निळ्या तारेतून वीज आली की तो फिरत्या ड्रमच्या आतल्या सपाट लोखंडी पृष्ठाला चिकटायला बघतो. पृष्ठ फिरतंय, म्हणून चुंबक त्याच्याबरोबर थोडा ओढला जातो, तरफ वळते, आणि तरफ लायनर ड्रमवर दाबते. म्हणजे ब्रेक लावायची ताकद विजेतून येतच नाही, ती चाकाच्या फिरण्यातूनच येते. वीज फक्त किती घट्ट चिकटायचं ते ठरवते. 10 किंवा 12 इंची ड्रमच्या एका चुंबकाला साधारण 3 अँपिअर लागतात. तुझी चार चाकं, म्हणजे पूर्ण ब्रेक दाबला की 12 अँपिअर. हा आकडा लक्षात ठेव, पुढे दोनदा लागेल.

ट्रेलरला स्वतःचे ब्रेक कशाला, हे कराडला वाढलेल्या मुलाला सांगायची गरज नाही. गळिताच्या हंगामात उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर उतारावर आला की ड्रायव्हरचा चेहरा कसा होतो ते तू पाहिलंयस. ब्रेक पुढच्याला आणि वजन मागे. मागचं पुढच्याला ढकलतं आणि जरा तिरकं ढकललं की दोन्ही रस्त्यावर आडवे. इथे कायदाही आहे. राज्याराज्यांत फरक आहे, पण बऱ्याच ठिकाणी ट्रेलरचं एकूण वजन 3,000 पौंडांपुढे गेलं की त्याला स्वतंत्र ब्रेक हवेत. तू त्या रेषेच्या खूपच पुढे आहेस.

आणि कंट्रोलरच्या आधी ट्रकचे स्वतःचे ब्रेक. पुढे डिस्क, मागे ड्रम. ब्रेक ऑइल काळं झालं असेल तर सगळं बदल. चाकांकडे जाणाऱ्या रबरी नळ्या वाकवून बघ, भेगा दिसल्या की नव्या घाल. मागच्या ड्रममधले सिलिंडर पाझरतायत का बघ. ट्रेलर स्वतःपुरतं थांबेल, पण ट्रक थांबवायला ट्रकच लागतो. मालकाच्या पुस्तिकेत ओढायच्या वजनाचा तक्ता आहे, तोही वाच. एकाच वर्षाच्या, एकाच इंजिनाच्या दोन एफ-150 मध्ये गिअरबॉक्स आणि मागच्या अ‍ॅक्सलच्या गुणोत्तरामुळे आकडा पुष्कळ बदलतो, आणि विकणारा नेहमी मोठा आकडा सांगतो.

आता कंट्रोलर कुठला. एक जात ‘टाइम-डिलेड’: पेडलला पाय लागला की ठरलेल्या वेगाने, ठरलेल्या मर्यादेपर्यंत वीज सोडते. तू हळूच टेकवलास काय, जिवाच्या आकांताने दाबलास काय, तिला फरक कळत नाही. दुसरी ‘प्रपोर्शनल’: तिच्या पोटात गाडी किती जोरात मंदावते हे मोजणारा सेन्सर असतो आणि त्या प्रमाणात ती वीज देते. स्वस्त म्हणून पहिली घेऊ नकोस. सपाट आयोवात कडब्याच्या पेंढ्या ओढायच्या असत्या तर मी गप्प बसले असते, पण तू कोलोराडोत आहेस. टेकॉन्शाचा प्रॉडिजी पी-3 चांगला आहे. मुख्य म्हणजे त्याच्या पडद्यावर बॅटरीचं व्होल्टेज आणि ब्रेक-स्विचकडून काही येतंय की नाही ते दिसतं, जुन्या गाडीत ही मोठी सोय. रेडार्क ही ऑस्ट्रेलियन कंपनी, तिच्या टो-प्रोचा मुख्य डबा आत लपवता येतो आणि डॅशबोर्डवर फक्त एक बटण राहतं. जुन्या ट्रकचा चेहरा बिघडू द्यायचा नसेल तर तो घे.

बिनतारी कंट्रोलरही निघाले आहेत, मागच्या प्लगात अडकवायचे आणि फोनवरून चालवायचे. तुझे काका त्यांच्या प्रेमात आहेत. आज या गाडीला, उद्या मित्राच्या गाडीला ट्रेलर लावणाऱ्याला ते ठीक. पण ट्रेलर हेलकावे खायला लागला तर फक्त ट्रेलरचे ब्रेक हाताने लावायची कळ हवी, आणि ती कळ फोनच्या पडद्यावर शोधत बसणं मला पसंत नाही. ती बोटांना न बघता सापडली पाहिजे. तुझा ट्रक एक, ट्रेलर एक. तारांचाच बसव.

चार तारा अशा: काळी बॅटरीच्या धन टोकाकडून, पांढरी अर्थसाठी, लाल ब्रेक-स्विचकडून, निळी मागे ट्रेलरकडे. काम सुरू करण्याआधी बॅटरीचं ऋण टोक सोडव. तपासणीपुरतं परत लाव, जोडणी करताना पुन्हा सोडव. कंटाळवाणं आहे, पण ठिणगी उडून वायरिंगचा जुडगा जळण्यापेक्षा परवडतं.

सगळ्यात वेळ लालवर जाणार आहे, म्हणून तिच्यावर सविस्तर लिहिते. ब्रेक दाबला हे कंट्रोलरला या तारेतून कळतं. तुझ्या फोर्डमध्ये ब्रेक-स्विच पेडलच्या वर वेगळा बसवलेला नाही. तो पेडलच्या दांड्यावरच आहे, जिथे मास्टर सिलिंडरकडे जाणारा रॉड पिनेवर अडकतो तिथे. टॉर्च हातात घेऊन पायांकडच्या जागेत उताणा पडलास की दिसेल. म्हणजे पेडल जितक्या वेळा दबतं तितक्या वेळा तो स्विच आणि त्याच्या तारा हलतात. म्हणून प्लगला लागून कधीही जोड मारायचा नाही. रोज हलून हलून तो जोड तुटेल, आणि सोबत ट्रकचे ब्रेक लाइट जातील. प्लगपासून वर जा, जिथे जुडगा ब्रॅकेटला बांधलेला आहे आणि हलत नाही, तिथे जोड घे.

कुठल्या तारेला? टेस्ट लॅम्पचा चिमटा चांगल्या अर्थला लाव. पेडल मोकळं असताना जी तार दिवा पेटवते ती कायम चालू असलेली, तिला हात लावू नकोस. तिला लाल जोडलीस तर ट्रेलरचे ब्रेक घरापासून लागलेले राहतील. पेडल दाबल्यावरच जी पेटते आणि सोडल्यावर लगेच विझते, ती तुझी. स्विचला दोनपेक्षा जास्त तारा असतील तर क्रूझ कंट्रोल बंद करणारीही त्यात असू शकते, म्हणून सगळ्या तपास. आणि एफ-150 ला 1987 पासून मागच्या चाकांचं अँटिलॉक कारखान्यातूनच येतं, त्यालाही ब्रेक दाबल्याची खबर याच स्विचकडून जाते. तार कापून मध्ये काही घुसवू नकोस. इन्सुलेशन बोटभर सोलून बाजूने जोड दे.

थांब, तार सापडली म्हणून लगेच जोडू नकोस. अमेरिकन गाड्यांत मागे ब्रेक आणि इंडिकेटर एकाच लाल बल्बमधून दाखवायची जुनी रीत आहे, तुझ्याही ट्रकमध्ये तीच. स्विचकडून निघालेली तार स्टीअरिंगखालच्या इंडिकेटर-स्विचमध्ये जाते आणि तिथून डावी-उजवी अशी फुटून मागे जाते. मागच्या दिव्याजवळची तार सोयीची म्हणून कुणी तिथून लाल जोडली, तर वळणावर इंडिकेटर दिला की ट्रेलरचे ब्रेकही टिकटिक लागत-सुटत राहतात. म्हणून जोड स्विच आणि स्टीअरिंग यांच्यामध्येच हवा. टेस्ट लॅम्प त्या तारेला लावून ठेव आणि आता डावा इंडिकेटर दे, उजवा दे, हॅझर्ड लाव. पाय पेडलवर नसताना दिवा लुकलुकला तर तार चुकली. मग हॅझर्ड चालू ठेवून पेडल दाब. काही जुन्या गाड्यांत हॅझर्डचा प्रवाह अशा वेळी उलटा ब्रेकच्या तारेत येतो आणि दिवा लपलपतो. तसं दिसलं तर मला कळव, त्याला उपाय आहेत. तोवर एवढंच पाळ की ट्रेलर जोडलेला असताना चालत्या गाडीत हॅझर्ड लावायचे नाहीत.

कायम चालू असलेल्या काळ्या तारेचं सोपं. बॅटरीच्या धन टोकापासून सुरू, बॅटरीजवळच 20 अँपिअरचा सर्किट ब्रेकर, तिथून फायरवॉलच्या भोकातून आत. तीन अ‍ॅक्सलचा ट्रेलर असता तर 30 चा लागला असता. साधा फ्यूज लावू नकोस. उतारावर फ्यूज उडाला तर ब्रेक गेले ते गेलेच. हा ब्रेकर थंड झाला की आपोआप परत जोडला जातो. त्याच्या दोन पितळी-चंदेरी खुंट्यांवर बॅटरीची बाजू कुठली ते लिहिलेलं असतं, उलटं लावू नकोस. फ्यूजबॉक्समधून उसनी वीज घेण्याचा मोह होईल, तोही नको. तो बॉक्स हीटर आणि रेडिओच्या हिशेबाने बनवलेला आहे.

पांढरी तार. व्हिडिओत ती जवळच्या कुठल्याही पत्र्याला स्क्रूने लावतात. नव्या गाडीत चालतं. जुन्या गाडीत तो पत्रा, त्याचा रंग, त्याखालचा गंज, केबिन आणि चासी यांच्यामधली पट्टी, चासी आणि इंजिन यांच्यामधली पट्टी, एवढं सगळं ओलांडून वीज परतते, आणि त्यातल्या एका ठिकाणी तरी कुरकुर असतेच. पांढरीही सरळ बॅटरीच्या ऋण टोकाला ने. मागच्या प्लगाच्या अर्थसाठी चासीवर घासून चकचकीत केलेली जागा शोध, तिथे बोल्ट लाव, वर ग्रीस फास. जुन्या ट्रकच्या निम्म्या तक्रारी अर्थिंगच्या असतात, हे माझं मत आहे आणि त्यावरून मी कुणाशीही भांडायला तयार आहे.

निळीची जाडी. इथे गेजचा आकडा जितका लहान तितकी तार जाड, हे तुला ठाऊक असेल, पण दुकानात गोंधळ होतो. केबिनपासून मागच्या बंपरपर्यंत वळणं धरून 25 फूट. 16 गेजच्या तारेतून 12 अँपिअर तेवढं अंतर गेले की वाटेतच जवळपास 1.2 व्होल्ट खाल्ले जातात. 10 गेजमध्ये हे नुकसान 0.3 व्होल्टवर येतं. चुंबकापर्यंत 12 ऐवजी 11 पोचले तर ब्रेक तेवढे ढिले, आणि मग माणूस कंट्रोलरला दोष देत बसतो. काळी, पांढरी, निळी, तिन्ही 10 गेज घे, फार तर 12. त्याहून बारीक नाही. लालमधून फक्त खबर जाते, ती बारीक चालेल.

निळी चासीच्या आतल्या बाजूने ने, लवचीक काळ्या नळीतून, दर फुटावर पट्टीने बांधून, सायलेन्सरच्या पाइपपासून लांब. फायरवॉलमधून जाताना रबरी ग्रोमेट घालायलाच हवं. पत्र्याची धार दोन वर्षांत इन्सुलेशन कापते. त्या काळातल्या बऱ्याच एफ-150 ना पेट्रोलच्या दोन टाक्या असत, तुझ्याला आहेत का बघ. चासीला भोक पाडायचं असेल तर पलीकडे टाकी किंवा पेट्रोलची नळी नाही ना, हे आधी बघ, मग ड्रिल हातात घे.

मागे आत्ता तुझ्याकडे चार पट्ट्यांचा प्लग दिसतोय. त्यात नुसते दिवे आहेत: टेल, डावा, उजवा, अर्थ. ब्रेकसाठी सात खुंट्यांचा गोल प्लग लागेल, आणि इथे रंगांची खरी गंमत आहे. गाड्यांच्या वायरिंगच्या एका पद्धतीत तपकिरी म्हणजे टेल, पिवळी डावा, हिरवी उजवा. राहायच्या ट्रेलरांच्या पद्धतीत हिरवी टेल, लाल डावा, तपकिरी उजवा. दोन्ही रीतसर, दोन्ही चालू. रंगाला रंग जोडत गेलास तर डावा इंडिकेटर दिल्यावर काय पेटेल सांगता येत नाही. खुंटी बघ, काम बघ, टेस्ट लॅम्प लाव, मगच जोड. सातातली एक ट्रेलरची बॅटरी चार्ज करायची. ती जोडताना मध्ये रिले घाल, म्हणजे मुक्कामाला उभा असताना ट्रेलरमधला फ्रिज ट्रकची बॅटरी पिऊन टाकणार नाही.

जोड कसे करायचे याबद्दल मी हट्टी आहे. निळ्या प्लास्टिकचे ते चिमटे, तारेवर ठेवून पक्कडीने दाबायचे, ते आणू नकोस. त्यांचं पातं तारेचे काही धागे कापतं, उरलेल्यांवर ओल चढते, आणि वर्षभरात जोड हिरवा पडतो. फोटोत तुझ्या डॅशबोर्डखाली तसले तीन तरी दिसतायत, आधीच्या कुणाची तरी रेडिओची करामत. ते काढून टाक आणि त्या जागा नीट झाक. सोल्डर करून वर गोंदवाली हीट-श्रिंक नळी, किंवा चांगल्या पान्याने दाबलेला क्रिंप आणि वर तीच नळी. आणि जुन्या तारा हळू वाकव. डॅशबोर्डखालचं इन्सुलेशन इतक्या वर्षांनी कडक होतं, नखाने टोकलं तर टवका उडतो. तसं दिसलं तर तेवढा तुकडाच बदल.

कंट्रोलरचा डबा बसवायला फार वेळ लागणार नाही. उजव्या हाताला सहज पोचेल असा, गुडघ्याला लागणार नाही असा, आणि प्लास्टिकवर नाही, खालच्या पत्र्याच्या कडेला. प्लास्टिक तडकेल, डबा डुगडुगेल, आणि डबा डुगडुगला की आतला सेन्सर खोटं बोलतो. गाडीच्या दिशेशी तो सरळ हवा. किती अंशांपर्यंत कलता चालेल ते त्याच्या पुस्तिकेत आहे.

आता ट्रेलरकडे ये, कारण बहुतेक लोक इथे येतच नाहीत. कंट्रोलर नवा आणि ड्रममध्ये लायनर ढिले, मग वीज कितीही सोडा. एकेक चाक जॅकवर उचल, आत ताऱ्यासारखं दातेरी चाक असतं ते मागच्या चिरेतून फिरवत जा, हाताने चाक फिरेनासं झालं की उलटं सोडत ये, लायनर किंचित घासतंय असा आवाज येईपर्यंत. चारही चाकांना तेच. नवे लायनर असतील तर पहिल्या 200 मैलांनंतर पुन्हा, पुढे दर 3,000 मैलांनी. एखाद्या ड्रमच्या आत ग्रीस गळलेलं दिसलं तर ते लायनर पुसून चालत नाहीत, बदलावेच लागतात.

मग खरी परीक्षा. निळी तार प्लगाजवळ सोडवून मल्टिमीटर मध्ये घाल, अँपिअरवर, 20 अँपिअरच्या खुंटीत. कुणाला तरी कंट्रोलरची कळ पूर्ण दाबायला सांग. 12 च्या आसपास आलं तर चारही चुंबक जिवंत. 9 आलं तर एक चाक झोपलंय. 6 आलं तर बहुधा एका अ‍ॅक्सलची तार तुटली आहे, आणि ती बहुतेक अ‍ॅक्सलच्या पोकळ नळीत घासून तुटते, दिसत नाही. खूपच जास्त आलं तर कुठेतरी शॉर्ट. या एका आकड्यावरून जेवढं कळतं तेवढं रस्त्यावर शंभर मैल चालवूनही कळत नाही.

कंट्रोलर किती कडक ठेवायचा हे ट्रेलर भरूनच ठरतं, रिकामा नाही. रिकामं, सपाट, कोरडं पार्किंग शोध. आधी थोडं चालवून ब्रेक गरम होऊ दे. ताशी 25 मैलांवर ये आणि पेडलला पाय न लावता फक्त कळ दाब. ट्रेलरची चाकं घासत अडकली तर कमी कर, नुसता ढिम्म चालत राहिला तर वाढव. अडकायच्या जरा अलीकडे थांब. दुसऱ्या दिवशी पाण्याची टाकी रिकामी केलीस, पाऊस आला, की आकडा बदलावा लागतो; तो एकदा लावून विसरायचा नसतो.

आता तुझा डोंगर. आयझेनहॉवर बोगदा 11,158 फुटांवर आहे, आणि पश्चिमेला सिल्व्हरथॉर्नकडे उतरताना 7 टक्क्यांचा उतार. ब्रेक गेलेल्या मालट्रकांसाठी बाजूला खडीचा चढ ठेवलाय, त्यावरून समज. त्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशच असतो, आणि तुझा ब्रेक बूस्टर त्याच दाबावर चालतो. म्हणून तिथे पेडल कडक लागेल. घाबरू नकोस, पण आधी माहीत असू दे. उतार सुरू होण्याआधीच खालचा गिअर टाक, इंजिनाला रोखू दे. ब्रेक सतत टेकवून ठेवू नकोस: नीट दाबून वेग उतरव, सोड, पुन्हा वाढला की पुन्हा. ट्रेलरच्या ड्रमला थंड व्हायला ते सोडलेले क्षणच मिळतात. नुसती कळ दाबून ट्रेलरनेच सगळं रोखायचा शहाणपणा करू नकोस, सिल्व्हरथॉर्नला पोचेपर्यंत ड्रममधून धूर येईल. ती कळ हेलकाव्यांसाठी. ट्रेलर शेपटीसारखा डोलायला लागला तर ट्रकचा ब्रेक दाबू नकोस, स्टीअरिंगने झुंजू नकोस, अ‍ॅक्सिलरेटर सोड आणि कळ दाब. ट्रेलर मागून ताणला की ओळ सरळ होते. आणि तो डोलतोच का, तर बहुधा वजन मागे भरलंय. एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के पुढच्या दांड्यावर यायला हवं, म्हणजे तुझ्या ट्रेलरला 450 ते 675 पौंड. पाण्याचे कॅन पुढे ठेव.

मल्टिमीटरचा आकडा आला की लगेच कळव, आणि स्विचजवळच्या तारांचा फोटो उजेडात काढून पाठव, मागच्यासारखा अंधारात नको. गौरीला सांग, कळ दाबायला तिचीच मदत घे, शेजाऱ्याला बोलावू नकोस, तो सल्ले देईल. ताईला मी अजून ट्रकबद्दल बोललेले नाही. ते तू आणि ती बघून घ्या.

तुझी
मावशी

ता. क. ब्रेक-अवेची बॅटरी लिहायची राहिली. ट्रेलरच्या पुढच्या दांड्यावर एक छोटी पेटी आणि पिनेला बांधलेली बारीक केबल असते. ट्रेलर सुटला तर पिन खेचली जाते आणि त्याच्या स्वतःच्या बॅटरीवर ब्रेक लागतात. केबल ट्रकच्या चासीला अडकव, साखळीला नाही आणि हिचच्या गोळ्याच्या दांड्यालाही नाही, नाहीतर जे तुटेल त्याच्याबरोबर तीही जाईल. साखळ्या दांड्याखालून फुलीसारख्या. तपासताना आधी मागचा प्लग काढ, नाहीतर उलटी वीज कंट्रोलरमध्ये शिरू शकते. मग पिन ओढ, ट्रक हळूच पुढे घे, चाकं अडली पाहिजेत. लगेच पिन परत घाल, बॅटरी लवकर उतरते. मुक्कामात पार्किंग ब्रेक म्हणून ती पिन ओढून ठेवणारे लोक तुला भेटतील. तू चाकांखाली ठोकळे लाव.